प्रवाळाचा नवा बिऱ्हाडकरू

“रडतंस कित्याक? दर्यात पाणी कमी पडला काय?” होडीची कड धरून वर आलेल्या हेमांगीला सदानंदने, तिच्या नवऱ्याने, विचारलं.

मालवणजवळच्या या प्रवाळांवर ती संशोधन करत होती. गेल्या उन्हाळ्यात समुद्र तापला, प्रवाळांनी आपल्या अंगात राहून आपल्याला जेवू घालणारं शेवाळ बाहेर टाकलं आणि ते पांढरेफटक पडले. तेव्हापासून, एरवी पर्यटकांना पाण्याखाली नेणारा सदानंद इथे बुडी मारायला तयार नव्हता. “माका सर्दी झाली,” म्हणायचा.

“रंग आलाय रे! थोड्यांनाच. प्रयोगशाळेत नमुन्यांत दिसलं ते खरं आहे, दुसरं शेवाळ वाढलंय त्यांच्यात. ते खायला कमी देतं, पण उष्णता सोसतं.”

“म्हणजे जेवण बेताचा, पण घर सोडूचा नाय. अशी एक माझ्या घरात पण आसा.”

तिने त्याच्या तोंडावर पाणी उडवलं आणि मास्क पुढे केला. “चल.”

“आणि फुडल्या उन्हाळ्यात परत पांढरे झाले तर?” या वेळी तो हसला नाही.

“म्हणूनच आज बघ.”

त्याने मास्क चढवला आणि दोघांनी बुडी मारली. खाली पांढऱ्या प्रवाळांत मधूनमधून नव्या शेवाळाची तपकिरी छटा दिसली. पाण्यात त्याला चेष्टा करता येईना. त्याने नुसता तिचा हात घट्ट धरला.