सहा-शून्य

नव्या संगणकावर धम्मदीपने आपला प्रोग्राम सुरू केला आणि पडद्यावर ओळ आली, 'हा संगणक जुना आहे. प्रोग्राम चालणार नाही.'

खोका त्याने स्वतःच सकाळी फोडला होता.

राळेगावच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मॅनेजर वामनराव मागेच उभे होते. "काहून रे, तूबी भावसिंगसारखाच निघाला काय?"

महिन्याभरापूर्वी गावातल्या दुकानदार भावसिंगने जिनिंगला असाच नवा संगणक आणून दिला होता. वजनकाट्यावरच्या पावत्या करणारा धम्मदीपचा प्रोग्राम तेव्हाही हेच म्हणाला. भावसिंग शपथा घेत राहिला. मशीन खोटं बोलत नाही, असं धम्मदीपनेच सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगितलं. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता आणि माणसाच्या शब्दाला तर मुळीच नव्हता. जुना माल नवा म्हणून विकणारा, असं भावसिंगचं नाव झालं. त्याच्या दुकानाला कुलूप लागलं आणि संगणक पुरवायचं काम धम्मदीपकडे आलं.

धम्मदीपने प्रोग्रामचा कोड उघडला. सुरू होताच तो मशीनला विचारायचा, तुझ्यातली विंडोज कितव्या नंबरची? एक्सपी या विंडोजचा नंबर पाच-एक. त्याच्या खालची नको होती. म्हणून त्याने अट घातली होती, पहिला आकडा पाच किंवा जास्त आणि दुसरा एक किंवा जास्त. पण बाजारात नुकतीच आलेली नवी विंडोज, व्हिस्टा, होती सहा-शून्य. सहावर प्रोग्राम खूश होता. शून्यावर अडत होता.

धम्मदीपने अट सुधारली. प्रोग्राम झटक्यात सुरू झाला.

"चाललं ना? मंग मिटलं," वामनराव म्हणाले.

"काका, सहा वर्षं पुरे झालेल्या लेकराले मी पाच वर्षं एक महिन्याच्या लेकरापेक्षा लहान ठरवलं. भावसिंगभाऊचं मशीन नवंच होतं."

वामनरावांनी दार लोटून घेतलं. "हे कोणाले सांगू नको. तुहा धंदा बसन."

खरंच बसला असता. धम्मदीपला ते कळत होतं. लाज मात्र त्याहून मोठी होती. त्याने वामनरावांसमोरच भावसिंगला फोन लावला आणि सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता.

भावसिंग शांतपणे म्हणाला, "मले कायले सांगून राह्यला भाऊ? मले तं माहीतच होतं. राळेगावले सांग."