कस्तुराची नोंद

निवडयंत्राच्या पडद्यावर कस्तुराच्या नावापुढे 'खेळल्याची नोंद नाही' असं उमटलं, तेव्हा ढवळे सर खुर्चीतून उठलेच.

"साहेब, ही पोरगी चार वर्षं खो-खो खेळतेय. आजवर कुणाच्या हाती लागलेली नाही."

"म्हणूनच नोंद नाही," निवड अधिकारी गुरव मान वर न करता म्हणाले. "मैदानावरचा कॅमेरा बाद होणारीलाच टिपतो. जी बाद होत नाही, ती यंत्राला दिसत नाही."

"मग यंत्र आंधळं आहे, असं लिहा की."

"मास्तर, जीभ आवरा. हिला जिल्ह्याच्या संघात घ्यायचं तर निदान तीन नोंदी लागतील. नाहीतर घरी न्या."

कस्तुराने दोघांचं बोलणं ऐकलं, चपला काढल्या आणि ती सरावाच्या डावात उतरली. मागे लागलेली मुलगी जवळ येताच ती मुद्दाम थांबली. पाठीवर थाप पडली, कॅमेरा लुकलुकला. पुढच्या दोन्ही डावांत ती तशीच थांबली. सरांनी डोळे मिटून घेतले.

पडद्यावर तिचं नाव आलं. 'नोंदी तीन. तिन्ही वेळा बाद. खेळाडू अपात्र.'

"बघा," गुरव सरांना म्हणाले, "यंत्र उगाच कुणाला डावलत नाही."

कस्तुरा मैदानातून हलली नाही.

"साहेब, चौथी नोंद तुम्हीच करा," ती म्हणाली. "या, धरा मला."

गुरवांनी पुढच्या मुलीचं नाव पुकारलं.