खालची पट्टी

पडद्यावर काका आले, ते कपाळापासून वर कापलेलेच.

"भाऊजींचं टक्कल कुठे गेलं?" आईने विचारलं आणि सगळे हसले. तीही हसली. थोरल्याने हौसेने भिंतीवर टांगलेला नवा टीव्ही एवढा अवाढव्य होता की त्याच्यापुढे सोफा खेळण्यातला वाटत होता. त्यावर आज तीस वर्षांपूर्वीची घरची कॅसेट लागली होती, दुकानातून पेनड्राइव्हवर उतरवून आणलेली. रविवारची दुपार, पडदे ओढलेले. बाबा दोनदा चष्मा पुसून बसले होते.

कॅसेट लावायचं यंत्र बंद पडून सोळा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून आई या दुपारची वाट बघत होती. धाकटीचे, म्हणजे भिंगरीचे, घरात फोटो तीनच, तेही पाळण्यातले. ती चालायला लागली त्या आठवड्यात बाबांनी शेजाऱ्यांचा कॅमेरा मागून आणला आणि ही कॅसेट भरली. पुढच्या महिन्यात पोरगी तापाने गेली. चालणारी भिंगरी होती ती एवढ्या एकाच ठिकाणी.

आईला तो प्रसंग पाठ होता. सोफ्यावर मोठी माणसं, मध्ये उभा राहून कविता म्हणणारा सात वर्षांचा थोरला, आणि सगळ्यांच्या पायांपुढून, अगदी खालच्या कडेने, पिवळ्या फ्रॉकमध्ये डुगडुगत जाणारी पोरगी. फ्रॉक आईनेच शिवलेला. बाही जरा सैल झाली होती, ती नंतर आत घ्यायची म्हणून राहिली.

थोरला कविता म्हणू लागला. तेवढ्यात चूं चूं असा बुटांचा आवाज आला.

"आली," आई म्हणाली आणि पुढे सरकून बसली.

चूं चूं करत आवाज खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. सोफ्यावरच्या सगळ्या माना त्याच्यामागोमाग वळल्या. काकांनी खाली बघून टाळ्या वाजवल्या, आत्याने हात पुढे केले. पोरगी कुठेच नव्हती.

"मागे घे."

थोरल्याने मागे घेतलं. पुन्हा तोच आवाज, पुन्हा त्याच माना.

"पोरगी कुठाय?"

"अगं, जुनं चित्र जवळजवळ चौकोनी असतं," थोरला म्हणाला. "या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. फार वाईट दिसतं. दुकानदार म्हणाला, वरून-खालून थोडं कापलं की पडदा भरतो. मी म्हटलं, भरा."

"थोडं?"

"मी बघून घेतलं होतं गं. मी नीट दिसत होतो, सगळे दिसत होते..."

तो थांबला, पण उशीर झाला होता. आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"चाळीस वर्षं कात्री चालवतेय मी," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय बोटभर कापड कधी कापलं नाही. आणि तू पट्ट्या दिसतात म्हणून माणूस कापलंस? मूळ कॅसेट कुठाय?"

"तिच्यावर बुरशी आली होती, आई."

"कुठाय?"

"भंगारात दिली. महिना झाला."

बाबा कधी कुणाला टाकून बोलत नसत. "अतिशहाणा त्याचा बैल रिकामा," एवढं म्हणून त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. आता बघायचं काय राहिलं होतं?

"तू मात्र अख्खा आलायस हो," आई थोरल्याला म्हणाली. "केसापासून गुडघ्यापर्यंत. कविता सुद्धा अख्खी." आपण लागेल असं बोलतोय हे तिला कळत होतं, आणि लागावं असंच तिला वाटत होतं. थोरल्याचे कान लाल झाले.

आगीत आणखी तेल नको म्हणून सुनेने रिमोट उचलला. चित्राचा आकार बदलायचं बटण असतं, त्याने कदाचित पहिल्यासारखं होईल, असं काहीतरी ती पुटपुटली. दोन-चार बटणं दाबल्यावर चित्र आक्रसलं. वर, खाली, दोन्ही बाजूंना जाड काळ्या पट्ट्या आल्या. मधल्या लहानशा चित्रात काका कपाळापासून कापलेलेच राहिले आणि सगळ्यांचे पाय गुडघ्यांशी संपले. दुकानात कापलेलं घरच्या रिमोटने कसं परत येणार?

"आवाज तरी राहिलाय ना, आई," थोरला हळूच म्हणाला. ते ऐकून ती आणखीच भडकली.

"गप्प बस! एक शब्द बोलू नकोस."

तेवढ्यात पुन्हा चूं चूं झालं. आई उठली. दुखरा गुडघा धरत टीव्हीपाशी गेली आणि उभी राहिली. चित्रातली माणसं हसत होती, वाकत होती, हात पुढे करत होती, सगळी खालच्या काळ्या पट्टीकडे बघत. आवाज पट्टीच्या डाव्या टोकाला होता. आईने तिथे बोट टेकवलं आणि आवाजाबरोबर ते काळ्यातून सावकाश उजवीकडे नेलं. चालायला शिकणाऱ्या पोराला न्यावं तितकं सावकाश.

"मी पडदा पुन्हा भरून देतो, फारच लहान दिसतंय," म्हणत थोरल्याने सुनेच्या हातातून रिमोट घेतला.

आई वळली नाही. बोट तसंच पट्टीवर ठेवून ती ओरडली,

"खबरदार त्या पट्टीला हात लावशील तर!"