विंगेतला आवाज

श्रवणतज्ज्ञ मुलीने ओठांपुढे पुठ्ठा धरला आणि माइकमध्ये म्हटले, "दोरा."

काचेपलीकडच्या बंद खोलीत हेडफोन चढवून बसलेला नट म्हणाला, "दोरा."

"मीठ."

"मीठ."

"सावली."

"सावली."

एकही शब्द चुकेना. थोड्या वेळापूर्वी नुसते सूर ऐकवले होते, तेव्हा मात्र आलेख घसरत थेट तळाशी गेला होता. मुलगी बुचकळ्यात पडली. मग तिने शेजारी पाहिले. नटाबरोबर आलेला प्रॉम्प्टर काचेला नाक लावून बसला होता आणि शब्दागणिक त्याचे ओठ हलत होते.

"काका, तुम्ही काय करताय?"

तो ओशाळला. "जन्म गेला विंगेत. कुणी अडलं की तोंड आपोआप चालतं हो."

तिने नटाची खुर्ची भिंतीकडे फिरवायला लावली. आता दहापैकी तीनच शब्द बरोबर आले.

बाहेर आल्यावर तिने आलेख दोघांपुढे ठेवला. "समोर बसून बोललेलं तुम्ही निभावून नेता. पण हे काल-परवाचं नाही. कुजबुज तर कित्येक वर्षं तुमच्या कानांपर्यंत पोहोचत नसणार."

प्रॉम्प्टरने कागदाकडे पाहिले, मग मित्राकडे. "म्हणजे मी तिथे कुणासाठी घसा खरवडत होतो?"

"घसा नाही, ओठ," नट म्हणाला. "तुझ्या वहीवरच्या दिव्यात दिसायचे. तेवढं पुरायचं."

"आणि परवा?"

परवाच्या प्रयोगात, मुलाच्या मृत्यूची बातमी ऐकून राजा बोलता बोलता थांबला होता. सारे नाट्यगृह निःशब्द झाले होते, आणि मग टाळ्या थांबता थांबेनात.

"मी दोनदा वाक्य दिलं, तू घेतलं नाहीस. म्हटलं, महाराजांनी मुद्दाम जागा घेतलीये. रडलो रे मी तिथे उभ्या उभ्या."

"तुझा दिवा गेला होता." नट जमिनीकडे पाहत होता. "विंगेत नुसता काळोख. पुढचं काही आठवेना. टाळ्या पडल्या, तेवढ्या वेळात सापडलं. दर वेळी पडतील असं थोडंच आहे? असं आणखी एकदा झालं, की संपलं माझं काम."

मुलीने दोघांपुढे एक ट्रे सरकवला. त्यात दोन यंत्रे होती.

"हे लहान कानाच्या आत बसतं, कुणाला दिसत नाही. पण तुमच्या कानांना ते पुरायचं नाही. कुजबुज ऐकायची तर हे मोठं, कानामागचं. ते दिसेल."

नटाने लहान यंत्र तळहातावर घेतले. "राजाच्या कानामागे नळी? पहिल्या रांगेतली पोरं खिदळतील."

"मुकुटाखाली लपेल की," मुलगी म्हणाली.

"शेवटच्या अंकात मुकुट उतरतो."

"मग लहानच घे बाबा," प्रॉम्प्टर म्हणाला. "मी दोन दिवे लावून बसतो. हवं तर ओठांना रंगही फासतो, म्हणजे लांबून दिसतील. या वयात तेवढं एकच राहिलंय."

मुलीला हसू आले. नट हसला नाही. त्याने लहान यंत्र ट्रेमध्ये परत ठेवले आणि कान पुढे केला.

"मोठं लावून बघा."

तिने यंत्र कानामागे बसवले, संगणकावर आवाज जुळवून घेतला आणि प्रॉम्प्टरला म्हणाली, "काका, यांच्या पाठीमागे जरा लांब उभे राहा. विंगेत बोलता तसंच काहीतरी बोला."

तो दारापाशी गेला. हातात वही नव्हती. इतकी वर्षे त्याने या माणसाला कुणा ना कुणा नाटककाराचीच वाक्ये पुरवली होती; आता त्याला काही सुचेना. त्याने खिडकीबाहेर पाहिले. मग नेहमीच्या त्या दबक्या, श्वासाएवढ्या स्वरात म्हणाला, "ऊन उतरलंय. चल, चालतच घरी जाऊ."

नटाची पाठ ताठ झाली.

मुलगी पुढे वाकली. "ऐकू आलं का?"

"आलं. हेच द्या." आणि मग, मागे न वळता, तो म्हणाला, "अरे, तुझा आवाज एवढा म्हातारा कधी झाला?"