तुंबलेली जाळी

"तुझे केस, दुसरं काय?" बाथरूममध्ये पाणी तुंबलं की नवऱ्याचं हे ठरलेलं वाक्य. त्यापायी गेल्या महिन्यात मी कमरेपर्यंतचे केस मानेपर्यंत कापून टाकले. पाणी तुंबायचं ते तुंबतच राहिलं.

शेवटी रविवारी मोबाइलवर व्हिडिओ लावला, स्क्रूड्रायव्हरने जाळी उचकटली आणि हात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आत घातला. काळा, बुळबुळीत, सडका गाळ. पिशवी तिथेच फाटली.

"अगं, राहू दे ते! मी प्लंबरला बोलावतो," तो दारातून ओरडला. सहा महिने 'प्लंबर कशाला, नुसते लाड' म्हणणारा माणूस आज घाईघाईने फोन शोधत होता. मग मी हात आणखी खोल घातला.

केसांचं एवढंसं गुंतवळ निघालं. मागोमाग गुटख्याच्या रिकाम्या पुड्या. चुरगाळलेल्या, एकीत एक कोंबलेल्या, मुठीमुठीने निघतच राहिल्या. वर्षापूर्वी लेकीच्या डोक्यावर हात ठेवून त्याने गुटखा सोडल्याची शपथ घेतली होती.

आवाज ऐकून लेक धावत आली. "ई! आई, काय गं हे?"

"जुन्या आहेत त्या, खरंच," तो म्हणाला आणि सवयीने त्याचा हात तिच्या डोक्याकडे गेला. "हिची शपथ..."

कोपरापर्यंत बरबटलेल्या हाताने मी त्याचं मनगट धरलं. "तुझा घाणेरडा हात लावू नकोस तिला."