पाचवी काच

“पुन्हा?” काचवाल्याने दारातच विचारलं.

“पुन्हा,” बाई म्हणाल्या.

दोघांच्याही आवाजात आश्चर्य नव्हतं.

बैठकीतली ती एकच खिडकी. बाकीच्या सहा त्याच दुकानाच्या, त्याच आठवड्यात बसवलेल्या, अगदी लख्ख. सगळ्यांना दुहेरी जोडकाच, पण हिच्याच दोन काचांच्या मधे ओल धरायची. आतून पुसा, बाहेरून पुसा, पाणी आपलं मधेच. समोरचा रस्ता तापकऱ्याला दिसावा तसा दिसे. चार काचा बदलून झाल्या होत्या. आजची पाचवी.

बाई निवृत्त शिक्षिका. चाळीस वर्षं वर्ग गप्प करण्यात गेली. आता घर आपणहून गप्प बसलं होतं.

काचवाला एक गुडघा धरून खाली बसला. कोपऱ्यात पात्याचं टोक घालून त्याने चौकटीची पट्टी टचकन उचकटली, खराब काच अलगद काढली आणि कडांकडे न बघताच पोत्यात गुंडाळली.

“ओल कुठून शिरली ते बघत नाही?”

“बघायचं काय, बाई? माल खराब, दुसरं काय!” मग तो म्हणाला, “अंगठ्यावर व्रण कसला?”

“जुना आहे. भाजी चिरताना.”

“सुरी जपून चालवत जा.”

चहा झाला. दुसरा झाला. काम तासाभराचं, पण काचवाल्याची दुपार इथेच जायची. त्याची बायको गेली हे बाईंना दुसऱ्या काचेच्या वेळी कळलं होतं, गुडघ्याचं दुखणं तिसऱ्या. चौथ्या काचेला त्याने चहात साखर कमी घालायला सांगितलं, म्हणजे ओळख बरीच पुढे गेली होती.

“या खेपेला मालक भडकलाय,” तो बशीत बघत म्हणाला. “म्हणतो, एका खिडकीला पाच काचा? आरसेमहाल बांधतोयस का? पुन्हा ओल धरली तर तुला घरी बसवतो.”

“मग?”

“मग काय! एक खोली, चार भिंती. त्यांच्याशी बोलत बसायचं.”

“भिंती बऱ्या. मधे तोंड घालत नाहीत.”

तो हसला. बाईही हसल्या, आणि हसणं संपल्यावर खोली आधीपेक्षा रिकामी वाटली.

“असेच येत जा की अधूनमधून,” बाई कपाचा कान चोळत म्हणाल्या.

“काम नसताना?” काचवाला दचकलाच. “हातात पेटी नसली ना, बाई, तर कुणाच्या दारात हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही मला.”

बाईंनी आग्रह केला नाही. आग्रह करायची त्यांनाही सवय नव्हती. त्या कपबशा घेऊन आत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा काच बसली होती, पट्टीही लागली होती, आणि तो पेटी आवरत होता.

“येतो, बाई.”

“या.”

आता मात्र ‘पुन्हा’ कुणीच म्हणालं नाही.

तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत बाई नव्या काचेतून बघत राहिल्या. मग दरवेळेसारखी त्यांनी भाजीची सुरी आणली, चष्मा चढवला, कोपऱ्यात टोक घालून पट्टी उचकटली आणि दोन काचांची फट हवाबंद ठेवणाऱ्या कडेच्या काळ्या रबरावर पातं टेकवलं.

तिथेच हात थांबला. एक खोली, चार भिंती. नको. आपल्यापायी त्याची नोकरी जायची. बाईंनी सुरी बाजूला ठेवली आणि पट्टी परत बसवायला त्या वाकल्या.

खालच्या कोपऱ्यात, रबरावर, बोटभर चीर होती. ताजी, फूटपट्टीने आखल्यासारखी. बाईंच्या हातून इतकी सरळ चीर एकदाही पडली नव्हती.