संकष्टीची गोळी

शर्वरीचं लग्न झालं, त्याच वर्षी फोन माणसाच्या वतीने, त्याच्याच आवाजात बोलायला लागले. तिचा भाऊ निरंजन मिरजेत घरी बसून एकट्याने अ‍ॅप बनवायचा. त्याचं एकच अ‍ॅप चाललं, म्हाताऱ्या माणसांना गोळीची आठवण करून देणारं. तासगावात एकटी राहणारी गोदूआत्या गोळी घेतली की त्यावर बटण दाबायची. पुढे तिची बोटं थरथरू लागली, तेव्हा परस्पर उत्तर द्यायची मुभा निरंजननेच तिच्या फोनला दिली.

त्या संध्याकाळी अ‍ॅपवर उत्तर आलं, 'जेवण झालं. गोळी घेतली.'

निरंजनच्या मनात पाल चुकचुकली. आज संकष्टी होती. चंद्र अजून उगवायचा होता, आणि चंद्र पाहिल्याशिवाय आत्या तोंडात घास घालत नसे. त्याने फोन लावला.

"आत्या, जेवलीस का गं?"

"जेवले की. भात-आमटी केली होती. काळजी करू नकोस, बाळा."

आवाज हुबेहूब तिचाच होता. पण उभ्या जन्मात आत्याने त्याला बाळा म्हटलं नव्हतं. "मेल्या, तुझ्या त्या घंटीला आग लाव," इथूनच तिचं बोलणं सुरू व्हायचं.

निरंजन मोटारसायकल काढून तासगावला गेला. दार आतून बंद होतं.

"अरे, सकाळीच फोनवर बोलले मी त्यांच्याशी," शेजारीण म्हणाली.

शेवटी कडी तोडली. उशाशी फोन चार्जिंगला लावलेला होता.

गोदूआत्या मंगळवारी वारली होती. संकष्टी शुक्रवारी होती.